बंदरावरचा ठिपका

आई: नाकापेक्षा मोती जड झालाय. व्हिडिओत मी कॉलर उलटवायला घेतली की बरोबर तिच्यावर येऊन बसते तुझी ती पट्टी. माझे हात दिसत नाहीत, सुई दिसत नाही. दिसतात काय, तर 'हो' आणि 'नको' अशी दोन बटणं. काढून टाक बघू ती.

मुलगा: आई, पहिल्यांदाच येते ती. हो किंवा नको, काहीतरी दाबलं की जाते. परत विचारत नाही.

आई: पण विचारायचंच कशाला? शिवणाचे धडे आहेत माझे, फुकट. ज्याला बघायचे त्याने बघावेत. आल्या माणसाला दारात उभं करून चौकशी कसली?

मुलगा: चौकशी नाही गं, परवानगी. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या साइटवर मोजणी लावली ना? कोण कुठल्या शहरातून आलं, किती वेळ थांबलं. त्यासाठी बघणाऱ्याच्या फोनमध्ये एक छोटी खूण ठेवावी लागते. तिलाच कुकी म्हणतात. ती ठेवण्याआधी त्याला विचारायचं, असा कायदा आहे.

आई: दोन वर्षं नव्हता का कायदा?

मुलगा: होता.

आई: मग?

मुलगा: मग काय. दिवसभर ऑफिसात बसून मी लोकांच्या वेबसाइट तपासतो. ह्याने विचारलं नाही, त्याने लपवलं, असे शेरे मारतो. आणि घरी आईच्या साइटवर तेच. मागच्या महिन्यात आमच्या साहेबांच्या बायकोने तुझा खिशाचा धडा लावला, साहेब मागे उभे होते.

आई: दिव्याखाली अंधार.

मुलगा: अगदी हेच म्हणाले ते. म्हणून पट्टी लावली.

आई: तिचा खिसा जमला का?

मुलगा: कोणाचा? हां. नाही विचारलं.

आई: विचार. कोपऱ्यात चूण पडत असेल तर तिला म्हणावं, आतून कात्रीने एक चीर दे. आणि पट्टी काढ.

मुलगा: मी ती खाली सरकवतो. एका ओळीची करतो. हात स्वच्छ दिसतील, मग तर झालं?

आई: नाही, काढच.

मुलगा: आई? हातांसाठीच काढायची आहे ना?

आई: ठिपका गेलाय.

मुलगा: कुठला ठिपका?

आई: वेड पांघरू नकोस. तुझ्या मोजणीच्या नकाशावरचा. बंदराच्या शहरावरचा. रोज दिवेलागणीला यायचा. तू पट्टी लावलीस त्या दिवसापासून एकदाही आला नाही.

मुलगा: ज्याने 'नको' दाबलं तो मोजलाच जात नाही, आई.

आई: म्हणजे येत नाही.

मुलगा: नाही, तसं नाही. येतो, बघतो, जातो. आपल्याला कळत नाही, एवढंच.

आई: मग 'नको' म्हणाला एवढं तरी कळेल की. आज बंदरावरून एकाने नको म्हटलं, असं काहीतरी. मी तेवढ्यावर भागवीन.

मुलगा: त्याची नोंद त्याच्याच फोनमध्ये राहते, परत विचारू नये म्हणून. आपल्याकडे येत नाही. मी मुद्दाम तसं लावलंय. नको म्हणणाऱ्याला मोजलं, तर त्याचं नको ऐकलं कुठे?

आई: मग असं कर. 'हो' मोठं कर, हिरवंगार. आणि 'नको' बारीक, राखाडी, कुठेतरी कोपऱ्यात. करतात की लोक. त्या चपलांच्या दुकानाचं पान मी परवा उघडलं, तर नको शोधता शोधता माझा चहा गार झाला.

मुलगा: ते दुकान सध्या माझ्याच टेबलावर आहे.

आई: बघ. एवढी मोठी दुकानं करतात.

मुलगा: आणि पकडली जातात. दोन्ही बटणं सारखी हवीत. हो म्हणणं जेवढं सोपं, तेवढंच नको म्हणणं सोपं हवं.

आई: बरं, आधीच 'हो' वर खूण करून ठेव. ज्याला नको तो काढेल.

मुलगा: चालत नाही.

आई: 'आत आलात म्हणजे तुमची हरकत नाही', अशी पाटी लाव.

मुलगा: तीही चालत नाही. आई, तू आमच्या धंद्यात यायला हवी होतीस. पण समोरच्या बाजूने. एवढ्या पळवाटा कंपन्यांच्या वकिलांना एका बैठकीत सुचत नाहीत.

आई: जन्मभर लोकांच्या अपुऱ्या कापडात कपडे बसवलेत मी. पळवाटच शोधायची असते त्यात. ...बरी आहे ना ती?

मुलगा: ताई? बरी आहे.

आई: एवढंच?

मुलगा: एवढंच सांगायला तिने हो म्हटलंय, तुला माहीत आहे. 'आईने विचारलं तर बरी आहे म्हण, त्यापुढे एक शब्द नको.'

आई: चार वर्षं ऐकतेय, बरी आहे. बरी म्हणजे काय? झोप लागते का, नोकरी तीच आहे का, केस गळायचे ते थांबले का?

मुलगा: एका गोष्टीला हो म्हटलं म्हणजे सगळ्याला हो होत नाही ना.

आई: हेही तुझ्या कायद्यात असेल.

मुलगा: आहे.

आई: असेलच. तो ठिपका तीच होती.

मुलगा: त्या शहरात लाखो माणसं राहतात, आई.

आई: राहू देत की. त्या लाखोंना काज करायला शिकायचंही असेल. पण काज झालं, मी दोरा तोडला, की सगळे जातात. बघितलंय मी, आकडा धाडकन खाली येतो. हा एक ठिपका थांबायचा, अगदी शेवटपर्यंत. आणि शेवटी असतं काय? मी तुला म्हणते, झालं का रे, पाठ धरली माझी. तू म्हणतोस, थांब, बंद करायचं सापडत नाही. तेवढं कापायचं तू विसरला होतास. ते ऐकायला परकं माणूस कशाला थांबेल?

मुलगा: म्हणून तू पुढे मला ते कापूच दिलं नाहीस.

आई: नाही दिलं.

मुलगा: आणि मग शेवटी कायकाय सांगायला लागलीस. गुडघ्याचं, समोरच्या मुलीला बाळ झालं त्याचं, नळ गळतोय त्याचं. मला वाटलं, वय झालं, बडबड वाढली.

आई: वाटू दे तुला. मोतीबिंदू काढला त्या आठवड्यात धडा टाकला नव्हता मी, आठवतं? तर तो ठिपका सकाळी यायचा, दुपारी यायचा, संध्याकाळी यायचा. जुनेच धडे उघडायचा. मी एका डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याने बघत बसलेली. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, काही झालं तरी रडायचं नाही.

मुलगा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

आई: तू तरी मला कुठे सगळं सांगतोस? ...खरं सांग. येते का ती अजून?

मुलगा: हे विचारू नकोस मला.

आई: हो की नाही, एवढंच.

मुलगा: आई.

आई: येत नसती तर तू सरळ 'मला काय माहीत' म्हणून मोकळा झाला असतास.

मुलगा: मी काहीही म्हटलेलं नाही.

आई: तेच म्हणते मी. मूग गिळून बसलायस. लहानपणी दोघं मिळून काही फोडलंत की ती धडधडीत खोटं बोलायची आणि तू असाच छताकडे बघत बसायचास. तुझ्यावरूनच कळायचं मला.

मुलगा: तेच करू नकोस ना आता. मी बोललो तर शब्द मोडतो, गप्प बसलो तर तू माझ्या गप्प बसण्यातून काढून घेतेस. मग मी करायचं काय? तिच्याशी बोलताना तुझं नाव आलं की सांभाळायचं, तुझ्याशी बोलताना तिचं. चार वर्षं दोघींच्या मधल्या भिंतीसारखा उभा आहे मी. दमलोय गं. चिडलो नाहीये.

आई: माहीत आहे. ये इकडे. बस. नाही विचारत. राहिलं.

(आई मशीनवर एक शिवण पुरी करते.)

आई: त्या पट्टीवर तू लिहिलंयस काय नेमकं? वाच जरा. चष्मा आत राहिलाय माझा.

मुलगा: 'नमस्कार. या पानावर कोण कुठून येतं आणि किती वेळ थांबतं, हे आजवर आम्ही न विचारता पाहत होतो. यापुढे तुमची परवानगी असेल तरच पाहू.'

आई: न विचारता पाहत होतो.

मुलगा: खरं तेच होतं. म्हटलं, आडपडदा नको.

आई: हे तिने वाचलं असणार. बोलू नकोस. विचारत नाहीये मी, माझं मी बोलतेय. इतके दिवस कुणाला कळू न देता येऊन बसायची. आईचे हात बघायची, कटकट ऐकायची, जायची. तिला वाटत होतं, ही जागा तिची एकटीची आहे. आणि त्या दिवशी हे वाचलं. म्हणजे आई फटीतून बघत होती. परत.

मुलगा: मोजणी मी लावली होती, आई. तुलाही न विचारता. बाबा गेल्यावर तू दिवसभर त्या मशीनशी एकटी असायचीस. तुला दिसावं की कोणीतरी बघतंय तुझं काम, एवढंच होतं मनात.

आई: लावली तू. डोळा लावून मी बसले होते.

मुलगा: तिच्या फोनचं आणि हे एक नाही.

आई: वेगळं काय आहे? तेव्हा ती आंघोळीला गेली होती. फोन पलंगावर, उजेड आला म्हणून बघितलं. समुपदेशक बाईंचा निरोप होता, पुढच्या वेळी किती वाजता यायचं त्याचा. म्हटलं, ह्या कोण बाई? म्हणून त्याच्या वरचं वाचलं. मग त्याच्या वरचं. काळजीपोटी.

मुलगा: काळजीचं नाव सगळेच घेतात. आमच्याकडे एकेक कंपनी येते, माणसाचा महिनोन्महिने पाठलाग केलेला असतो तिने, आणि खाली लिहिलेलं असतं, तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून.

आई: वाचून गप्प बसले असते तरी एक वेळ. तुझ्या मावशीला सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही हे पक्कं ठाऊक असून. आठवड्याच्या आत सगळ्या नात्यात झालं. जो तो फोन करतोय, आता कसं वाटतंय गं, आता कसं वाटतंय.

मुलगा: काका तर श्वास कसा घ्यायचा ते शिकवायला घरी आले होते.

आई: हसू नकोस.

मुलगा: ताईसुद्धा हसली होती त्यांना बघून. मग आत गेली आणि बॅग भरली.

आई: ओरडली असती तर बरं झालं असतं. चपला घालता घालता म्हणाली, 'मी सांगणारच होते तुला, आई. शब्द जुळवत होते. तू मला सांगू दिलं नाहीस.' तू तिथेच होतास.

मुलगा: होतो.

आई: मी आजपर्यंत मनात भांडत होते तिच्याशी. म्हणायचे, अगं, आईने बघितलं तर असं काय आकाश कोसळलं? मी काय परकी आहे? पण बघितल्याचं तिला तेवढं नव्हतंच. सांगायचं तिचं होतं, ते मी तिच्या हातून काढून घेतलं. फार वाईट वाटतंय रे मला.

मुलगा: पाणी आणू?

आई: नको. मला एक सांग. मोजणी ठेवायची म्हणून विचारावं लागतं ना?

मुलगा: हो.

आई: आणि मोजणीच नसली तर?

मुलगा: तर काय विचारणार? कोणाच्या फोनमध्ये काही ठेवायचंच नाही म्हटल्यावर पट्टी लागतच नाही.

आई: मग तुम्ही लोक हे आधी का नाही सांगत?

मुलगा: सांगतो की. पहिल्या भेटीत सांगतो प्रत्येकाला. कोणी ऐकत नाही. सगळ्यांना मोजायचंच असतं.

आई: काढ.

मुलगा: पट्टी?

आई: मोजणी. पट्टी मग आपोआप जाईल.

मुलगा: नीट विचार कर. नकाशाच जाईल सगळा. ताईच नाही, कोणीच दिसणार नाही तुला. एक माणूस बघतंय की हजार, की कोणीच नाही, काही कळणार नाही. उद्या कदाचित ताईचं मन बदलेल, 'हो' दाबेल ती...

आई: त्यासाठी तिला परत दारात उभं करायचं, आणि मी आतून कान लावून बसायचं? दुधाने तोंड पोळलंय तिचं, ती ताकही फुंकून पिणार. पिऊ दे तिला तिच्या सावकाशीने.

मुलगा: आणि तू? संध्याकाळी दिवे लागले की काय करशील?

आई: दिवे लागले की जो तो करतो तेच. स्वयंपाक.

मुलगा: जुनं जमलेलं आहे दोन वर्षांचं. त्याचं काय करू?

आई: ते अजून आहे?

मुलगा: सगळं आहे साठवलेलं. उघडू? शेवटचं एकदा बघून घे हवं तर.

आई: उघडू नकोस.

मुलगा: नक्की?

आई: उघडलंस तर पुसू देणार नाही मी तुला. तसंच पूस. ...थांब. मोतीबिंदूचा आठवडाही जाईल ना त्यात?

मुलगा: जाईल.

आई: जाऊ दे. तो मला पाठ आहे.

मुलगा: पुसलं.

आई: एवढ्यात?

मुलगा: एवढ्यात.

आई: साधी शिवण उसवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मुलगा: ताईला सांगू? तू काढलंस म्हणून?

आई: तिने 'बरी आहे' एवढं इकडे आणायला सांगितलंय तुला. इकडून तिकडे काही न्यायला सांगितलंय?

मुलगा: नाही.

आई: मग झालं तर. आणि सांगितलंस तर तिला वाटेल, आईने एवढं केलं, आता मलाही काही करायला हवं. तसलं ओझं नको तिच्यावर. तू पण त्या भिंतीवरून खाली उतर आता. भाऊ आहेस तिचा, तसाच राहा.

मुलगा: बरं. पण एक पान तरी लिहावंच लागेल. आपण इथे काय करतो आणि काय करत नाही, ते साध्या भाषेत. लोक तुला शंका विचारायला मेल पाठवतात, त्यांची नावं-पत्ते येतात ना आपल्याकडे. ऑफिसात त्याचा एक नमुना आहे, तोच टाकून देतो.

आई: काय आहे नमुन्यात?

मुलगा: 'आपली गोपनीयता आम्हांस अत्यंत महत्त्वाची वाटते. आपला विश्वास हीच आमची...'

आई: पुरे. हे ज्याने लिहिलंय त्याला कोणाचंच काही वाटत नाही. मी सांगते तसं लिही.

मुलगा: सांग.

आई: हे शिवण शिकवण्याचं पान आहे. इथे कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, ते आम्ही पाहत नाही. आधी पाहत होतो. ते चुकलं. जे जमवलं होतं ते पुसून टाकलं.

मुलगा: 'चुकलं' असं कोणी लिहीत नाही, आई. वकील लिहू देत नाहीत.

आई: माझ्याकडे कुठे वकील आहे? लिही. शंका विचारायला कोणी मेल पाठवला तर तो मी स्वतः वाचते, उत्तर देते, आणि दुसऱ्या कोणाला दाखवत नाही. बहिणीलाही नाही.

मुलगा: बहिणीलाही?

आई: तेही लिही.

मुलगा: लिहिलं. पुढे?

आई: काही सांगायचं असेल तर पत्ता खाली आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा. सांगायचं नसेल, तरी येत जा. लिहिलंस का?

मुलगा: लिहिलं. पण कायद्याला एवढं लागत नाही, आई. पत्ता दिला की झालं. शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल.

आई: कायद्याला नसेल लागत. राहू दे ते.